साबण, दाभण आणि गाणं



माजी विद्यार्थ्यांनी आपली खुशाली कळवावी, असं आपल्या वार्तापत्राची संपादक मंडळी दर अंकात लिहितात. बाकीचे लोक परदेशवारी कळवतात, नातवंडांचे मार्क कळवतात, कुणाची पंचाहत्तरी झाली ते कळवतात. आमच्याकडे असं काही घडत नव्हतं, म्हणून आम्ही आजवर नुसतेच वाचक होतो. या वर्षी मात्र सांगण्यासारखं बरंच साठलंय. घर बदललं, एकाचे कान बदलले आणि इंटरनेटच्या भानगडीत आम्ही दोघंही शिरलो. या तिन्ही गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्या, ते आता सांगतो.

आधी ओळख. आम्ही म्हणजे नवरा-बायको. दोघंही याच शाळेचे, १९७७ सालचे अकरावीवाले. (तेव्हा आपल्या मध्य प्रदेशात अकरावीला शाळा संपायची, हे आजच्या मुलांना मुद्दाम सांगावं लागतं.) वर्गात आमच्यात तीन बाकांचं अंतर होतं. ते पुढे कसं कमी झालं, हा या लेखाचा विषय नाही. एकानं 'मी' लिहिलं की दुसऱ्याला राग येतो, म्हणून आम्ही 'आम्ही'च लिहिणार. वेगळं सांगायची वेळ आली तर 'आमच्यातले श्री' आणि 'आमच्यातल्या सौ' असं म्हणू.

तर पहिली खबर घराची. रामबागेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या, एक माजघर आणि अर्धी गच्ची होती. भाऊबंदांचं एकमत झालं आणि वाडा विकला. इंदुरात वाडे विकले जाणं ही काही बातमी राहिलेली नाही, त्यामुळे त्यावर जास्त रडगाणं नको. आता आम्ही निपानियाला पाचव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, गॅलरीतून दिवे दिसतात. सकाळचे पोहे-जिलबी इथेही मिळतात, फक्त देणारा आमचं नाव घेऊन "आज उशीर झाला का?" असं विचारत नाही. तेही होईल हळूहळू.

सामान हलवताना सगळ्यात जास्त वाद झाला तो रेकॉर्डींवरून. श्रींच्या वडिलांना रेकॉर्डींचा नाद होता. लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या, मिनिटाला ७८ गिरक्या घेणाऱ्या. मोजल्या तर १४० भरल्या आणि उचलल्या तर हमालाची कंबर भरली. ही लाख म्हणजे तीच, झाडावरच्या किड्यांपासून मिळते ती. तिच्यात दगडाची भुकटी वगैरे मिसळून रेकॉर्ड बनवत. जड तर असतेच, आणि हातातून पडली की काचेसारखी फुटते. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. तेवढ्यासाठी चावी फिरवायची, नवी पिन लावायची, ऐकायचं, उलटी करायची. टेम्पोवाल्यानं खोकी पाहून विचारलं, "बाबूजी, ये प्लेटें भी जाएंगी क्या?" आम्ही म्हटलं, "जाएंगी." पण नेऊन करायचं काय, ते आम्हालाही ठाऊक नव्हतं. लॉफ्टवर टाकली.

आता दुसरी खबर, कानांची.

रामबागेत रस्ता, देऊळ, शेजारी, भाजीवाला असा कायम कालवा असे. तिथे सगळेच मोठ्यानं बोलत, त्यामुळे कुणाला कमी ऐकू येतं हे कळायची सोय नव्हती. नवं घर शांत. तिथे सगळं उघडं पडलं. सौंनी आतून सांगितलं, "येताना साबण आणा." श्री दाभण घेऊन आले. वर चार दुकानं पालथी घातल्याचं कौतुकही सांगितलं. थंडीत एकदा सौ म्हणाल्या, "जरा शाल द्या." श्रींनी मान डोलावली आणि टेबलावर त्रिताल धरला. आम्ही दोघंही हसलो. पण टीव्हीचा आवाज पंधरावरून बत्तीसवर गेला, फोनवर नात काय म्हणते ते परत परत विचारावं लागलं, तेव्हा हसू कमी झालं. कान तपासायला गेलो.

तपासणी म्हणजे काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन लावतात आणि बारीक बारीक आवाज सोडतात. ऐकू आला की बटण दाबायचं. शेवटी एक आलेख मिळतो. आमच्या श्रींचा आलेख डावीकडे ठीकठाक चालत होता आणि मग रेसिडेन्सीच्या उतारावर ब्रेक फेल झालेल्या सायकलसारखा खाली गेला होता. डावी बाजू म्हणजे खालचे, जाड आवाज. उजवी बाजू म्हणजे वरचे, बारीक आवाज. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "काका, तुम्ही कुठे मशिनीत काम केलंय का?" केलं होतं. तरुणपणी दहा वर्षं एका कापडगिरणीत, मागांच्या खात्यात. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी ओठांच्या हालचालीवरून बोलत. कानात घालायला बोळे देण्याची तेव्हा पद्धत नव्हती. पुढे गिरणी बंद झाली, श्री हिशेबाच्या कामाला लागले, आवाज मागे राहिला असं वाटलं. बाईंनी सांगितलं की असा आवाज वर्षानुवर्षं ऐकला की कानाच्या आतल्या शंखातल्या बारीक केसपेशी मरतात. सगळ्यात आधी फटका बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपास. मेलेल्या पेशी माणसात परत उगवत नाहीत. त्यात वयाची भर.

साबणाचं दाभण का झालं, तेही तिथेच कळलं. 'आ', 'ओ' असे स्वर जाड असतात, ते ऐकू येतात. 'स', 'श', 'फ' ही व्यंजनं म्हणजे नुसती बारीक हवा, त्यांचा जोर वरच्या पट्टीत असतो. कानापर्यंत 'आबण' एवढंच पोचतं आणि पुढचं अक्षर डोकं आपल्या मनानं लावतं. म्हणजे कमी ऐकू येणारा माणूस काहीच ऐकत नाही असं नसतं. तो दिवसभर गाळलेल्या जागा भरत असतो. संध्याकाळी तो दमतो, चिडतो, चार लोकांत गप्प बसतो. घरचे म्हणतात, हल्ली स्वभाव बदललाय.

यंत्र घेतलं. बोलणं बरंच सुधारलं. साबण साबणच यायला लागला. पण ज्यासाठी आम्ही दोघं अधीर होतो, तिथे घोळ झाला. सौंनी मोबाइलवर तानपुरा लावला आणि पेटी काढली. दहा-बारा सेकंद झाले आणि श्री म्हणाले, "तानपुरा बंद का केलास?" तानपुरा चालूच होता. पुन्हा लावला. पुन्हा सुरुवातीला ऐकू आला आणि विरघळला. पेटीचा लांब धरलेला षड्ज मध्येच थरथरत होता. भीमसेन जोशींची तान बादलीत बसून गायल्यासारखी येत होती. श्रींनी यंत्र काढून डबीत ठेवलं. यंत्राशिवाय लावलं तर सूर ऐकू यायचे, पण तानपुऱ्याची जवारी, ती मधमाशीसारखी गुणगुण, कुठेच नव्हती. तबल्याची चाट गेलेली. शब्द पुसलेले.

ज्या माणसानं पन्नास वर्षं रोज गाणं ऐकलं, त्यानं त्या दिवसापासून गाणं ऐकणं सोडलं. भांडण नाही, तक्रार नाही. रेडिओ लागला की गॅलरीत जाऊन उभं राहायचं. सौंनी निवृत्तीनंतर हौसेनं पेटी शिकायला घेतली होती, त्यांचाही हात थांबला. एकाला ऐकू येत नाही ते दुसऱ्यानं त्याच्यासमोर वाजवायचं कसं? जवळपास चार महिने आमच्या घरात गाणं नव्हतं. घर बदललं तेव्हा ज्यांनी "करमतं का?" म्हणून विचारलं, त्या सगळ्यांना आम्ही "हो, छान करमतं" असं सांगत होतो.

पुढची गोष्ट दिवाळीच्या साफसफाईतली. लॉफ्टवरची खोकी खाली आली. चावीचा फोनो चालतो की नाही ते बघायला सौंनी वरची पहिली रेकॉर्ड लावली. अब्दुल करीम खाँसाहेबांची, १९३०च्या दशकातली. खरखर सुरू झाली, मग आवाज. श्री दुसऱ्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. यंत्र डबीत. ते उठून दारात आले आणि म्हणाले, "हे सगळं ऐकू येतंय." रेकॉर्ड संपली. त्यांनी स्वतः चावी फिरवली आणि पुन्हा लावली. त्या दुपारी आम्ही एकवीस रेकॉर्डी ऐकल्या. फराळाचं राहिलं.

ही भक्तीची किंवा आठवणींची किमया असेल असं आम्हाला वाटलं. पण कान तपासणाऱ्या बाईंना सांगितलं तर त्या हसल्या आणि त्यांनी साधा हिशेब मांडला. १९२५च्या आधी मायक्रोफोन नव्हता, गवई भोंग्यात तोंड घालून गात. त्या रेकॉर्डींत साधारण दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही उतरतच नसे. मायक्रोफोन आल्यावर ही मर्यादा पाच हजारांच्या आसपास गेली. आजच्या सीडीत वीस हजारांपर्यंत आवाज असतो. म्हणजे श्रींच्या कानांतून जे गेलंय, त्यातलं बरंचसं त्या रेकॉर्डींत मुळातच नाही. नव्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांना सारखं काहीतरी हरवल्यासारखं होतं. जुनीत हरवण्यासारखं फार नसतं. गाणाऱ्याचा मुख्य सूर साधारण शंभर ते हजार हर्ट्झच्या आत असतो आणि तेवढे कान त्यांचे शाबूत आहेत.

तानपुऱ्याचा उलगडाही बाईंनीच केला. कानातलं यंत्र माणसाचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून बनवलेलं असतं. बोलणं तुटक असतं, चढतं, उतरतं. जो आवाज एकसारखा चालू राहतो त्याला यंत्र पंखा समजतं, नाहीतर स्वतःची शिट्टी समजतं, आणि इमानदारीनं दाबून टाकतं. आपल्या संगीतात तर एकसारखा चालू राहणारा आवाज हाच पाया! बिचाऱ्या यंत्राचा दोष नाही, त्याला कुणी बैठकीला नेलेलं नव्हतं. बाईंनी यंत्रात संगीतासाठी वेगळा कप्पा करून दिला. त्यात आवाज गाळण्याची आणि शिट्टी मारण्याची कामगिरी बंद ठेवली, लहान-मोठा आवाज एकसारखा करण्याची खोडही कमी केली. आता बटण दाबलं की तानपुरा राहतो. पूर्वीसारखी जवारी नाही. ती परत येणार नाही, हे आम्ही समजून आहोत. पण षड्ज जागेवर असतो.

आणि आता तिसरी खबर. १४० रेकॉर्डी ऐकून झाल्या की पुढे काय? नात म्हणाली, "आजोबा, जुनी गाणी नेटवर शोधा ना!" तिच्यामुळे आम्ही दोघं शेजारी शेजारी खुर्च्या टाकून संगणकापुढे बसायला लागलो. एक टाइप करणार, दुसरा चुका काढणार.

पहिल्याच दिवशी कळलं की मराठी माणसानं राग शोधणं सोपं नाही. नुसतं 'राग' लिहिलं तर 'राग आवरण्याचे सोपे उपाय' आले. (सौंनी ते पान श्रींसाठी जपून ठेवलं आहे.) 'पिलू' लिहिलं तर मांजरीची इतकी गोजिरवाणी पिलं आली की ठुमरी बाजूला राहिली आणि अर्धा तास मांजरं बघण्यात गेला. 'हिंडोल' लिहिला तर शिसवी झोपाळे विकायला आले, 'केदार' लिहिला तर यात्रेची माहिती, 'जोग' लिहिला तर धबधबा. 'काफी' लिहून एंटर मारलं आणि काय आलं ते तुम्ही ओळखलंच असेल. साखर किती घालायची इथपर्यंत आलं.

दुसरी गंमत म्हणजे गाण्याखाली आपोआप उमटणारी अक्षरं. श्रींना शब्द वाचायला मिळतील म्हणून ती चालू केली. संगणकानं आलापाला प्रामाणिकपणे कंसात 'संगीत' असं लिहिलं. मग अमीर खाँसाहेबांचा तराणा लागला. 'तोम दिर दिर' ऐकून संगणक गोंधळला आणि खाली लिहून मोकळा झाला, 'तुम धीरे धीरे'. आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पण यात एक मौज अशी की तराण्याचे बोल निरर्थक नाहीत, त्यांच्यामागे फारसी शब्द आणि अर्थ आहेत, असं खुद्द अमीर खाँसाहेब मानत आणि त्याचा त्यांनी अभ्यास केला होता. उस्तादांना तिथे फारसी दिसली, संगणकाला हिंदी. शोध दोघांचाही अर्थाचाच.

अमीर खाँसाहेब आपल्या इंदूरचे, त्यांच्या गायकीलाच इंदूर घराणं म्हणतात, हे शाळेतल्या मुलांनी लक्षात ठेवावं. लताबाई २८ सप्टेंबर १९२९ रोजी इथेच जन्मल्या, ते सगळ्यांना पाठ असतं. खाँसाहेबांचं नाव निघालं की मात्र मुलं आमच्याकडे बघत राहतात. १९६० साली त्यांच्या मारवा आणि दरबारीची लाँगप्ले रेकॉर्ड निघाली. आमच्या श्रींचं म्हणणं असं की ती त्यांच्या कानांचं माप घेऊनच गायलेली आहे. सगळी चाल संथ, आवाज खर्जात, मंद्र सप्तकात रमणारा. यंत्र काढून ठेवलं तरी ऐकू येतो.

इंदुरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर देवास. कुमार गंधर्व मूळचे बेळगावजवळच्या सुळेभावीचे. क्षयानं आजारी होते म्हणून कोरड्या हवेसाठी ते १९४८ च्या जानेवारीत देवासला आले. गाणं बंद होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीतं कानांत साठवली. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचं नवं औषध लागू पडलं आणि एक फुप्फुस निकामी होऊनही ते पुन्हा गायला लागले. आम्ही हे सगळं लहानपणापासून ऐकत आलो होतो. नवीन कळलं ते हे, की त्याच औषधानं काही रोग्यांच्या कानांवर परिणाम होतो, कायमचं बहिरेपण येऊ शकतं. ज्या औषधानं त्यांचा गळा परत दिला, ते कान घेऊही शकलं असतं! श्री हे वाचून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपलं नशीब थोर. म्हणजे माझं नाही, ऐकणाऱ्यांचं."

सगळ्यात मोठं घबाड नातीनं शोधलं. तिनं एक दुवा पाठवला आणि खाली लिहिलं, 'आजी, या बाई अंतराळात आहेत.' आम्हाला वाटलं, सुनीता विल्यम्स असतील. उघडलं तर केसरबाई केरकर! गोव्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्या प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. परग्रहावर कुणी भेटलंच तर त्याला पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून. तिच्यावर जगभरचं सत्तावीस तुकड्यांचं संगीत आहे आणि त्यात केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. म्हणजे आमच्या फोनोवर एका बाजूला मावते तेवढीच! पहिलं यान २० ऑगस्टला सुटलं, दुसरं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. त्यांचा सूर पुढे गेला आहे. व्हॉयेजर १ हे यान २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरलं. आज ते इतकं लांब आहे की प्रकाशालाही तिथे पोचायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो.

त्याच तबकडीवर पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यांत एक मराठी आहे. तो आम्ही नेटवर ऐकला. महाराष्ट्राबाहेर राहून चार-पाच पिढ्या मराठी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं फार अप्रूप वाटू नये. गावाबाहेर राहून भाषा जपायची सवय आपल्याला आहेच. पण खरं सांगतो, आम्हाला वाटलं. सौंनी तो नमस्कार तीनदा लावला. श्रींना यंत्राशिवाय त्यातले शब्द लागले नाहीत, यंत्र घातल्यावर लागले.

आता रविवारी दुपारी चार वाजता आमच्याकडे आमच्यासारखे पाच-सहा जण जमतात. तिघांच्या कानांत यंत्रं आहेत, एकाच्या असायला हवं. एक लाखेची रेकॉर्ड, मग नेटवरचं काहीतरी, मग चहा. सौंची पेटीही पुन्हा सुरू झाली. या पेटीचंही नशीब बघा. परदेशातून आली, कलकत्त्यात हातानं भाता मारायची झाली, घराघरांत गेली, आणि आकाशवाणीनं तिला १९४० पासून तीस वर्षं दाराबाहेर ठेवलं. कारण काय, तर तिच्यात मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. ते बरोबरच आहे. पण घरचं गाणं तिनंच सांभाळलं. श्रींना ती स्पष्ट ऐकू येते, म्हणून आमच्या घरात तिच्यावर कोणतीही बंदी नाही.

यातून मुलांना दोन शब्द, कारण हे शाळेचं पत्र आहे आणि आम्हाला उपदेशाची संधी सोडवत नाही. सध्या प्रत्येकाच्या कानात इअरफोन असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ठीक, आवाज वाढला की वेळ झपाट्यानं कमी करायला हवा. डेसिबल मोजायचं यंत्र नसेल तर सोपी खूण अशी: कानात इअरफोन असताना शेजारी बसलेल्या आजीनं हाक मारली आणि ऐकू आली नाही, तर आवाज जास्त आहे. अनंत चतुर्दशीला झांक्या बघायला जरूर जा, आम्हीही रात्र रात्र जागून पाहिल्या आहेत, पण भोंग्यांच्या भिंतीसमोर उभे राहू नका. आमच्या श्रींना गिरणीत पोटासाठी उभं राहावं लागलं. तुम्हाला तसं कुणी उभं केलेलं नाही.

आणि आमच्या वयाच्या मंडळींना एवढंच, की डोळ्यांना चष्मा लागतो तेव्हा आपण पेढे वाटत नाही आणि लपवतही नाही. कानांचंही तसंच. २०२४ सालच्या लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्यासारखी चौदा कारणं मोजली, त्यांत कमी ऐकू येणं हे एक आहे. घरात साबणाचं दाभण व्हायला लागलं तर भांडू नका, तपासून घ्या. आणि यंत्र घेताना "मी गाणं ऐकतो" असं आधीच सांगा. न सांगितलं तर ते लोक बोलण्यापुरतंच बसवून देतात.

शेवटी कामाचं. आमच्या रेकॉर्डी आम्ही शाळेला द्यायचं ठरवलं आहे, फोनोसकट. मुख्याध्यापक बाईंशी बोलणं झालं आहे, वाचनालयातलं एक कपाट मिळणार आहे. नेटवर सगळं असताना ही अडगळ कशाला, असं कुणी विचारील. नेटवर गाणं सापडतं, पण एकेकट्याला. फोनोभोवती बसायला माणसं लागतात. एकानं चावी द्यायची, एकानं पिन बदलायची, बाकीच्यांनी तीन मिनिटं गप्प बसायचं. ही शेवटची अट मुलांना जड जाईल, पण जमेल. पहिल्या शनिवारी अर्धी सुट्टी झाल्यावर आम्ही दोघं स्वतः येऊन फोनो कसा लावायचा ते दाखवणार आहोत. पालकांनीही यावं. पुढे बसणाऱ्यांनी श्रींशी जरा तोंडासमोर बोलावं आणि 'स', 'श' सावकाश उच्चारावेत, म्हणजे झालं.

नव्या घराचा पत्ता शाळेत दिला आहे. रविवारी चारला चहा असतो.

आपले,
आम्ही दोघं